लायसन ‘काढणे’ आणि गाडी चालवणे

आपल्या भाषेत काही गोष्टी ‘काढल्या’ जातात. सातबारा काढतात, जातीचा दाखला काढतात, फोटो काढतात, आणि लायसनही काढतात. पोहणे मात्र कोणी काढत नाही, ते अंगी यावे लागते. स्वयंपाक कोणी काढत नाही, तो शिकावा लागतो. वाहन चालविण्याचा परवाना या दोहोंपैकी कोणत्या रांगेत बसवायचा, हा प्रश्न मला गेली दोन वर्षे पडलेला आहे. आपण सर्वांनी त्याला दाखल्यांच्या रांगेत नेऊन बसविले आहे आणि त्याची किंमत आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर आपणच मोजत आहोत, असे माझे प्रांजळ मत आहे.

परवान्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. जर्मनीत कार्ल बेंझला स्वतःचीच मोटार रस्त्यावर चालविण्यासाठी १८८८ साली सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागली होती. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये चालकाची परीक्षा सुरू केली. इंग्लंडने मात्र निराळा मार्ग धरला. तेथे १९०४ पासून पाच शिलिंग भरले की परवाना मिळे; गाडी चालविता येते की नाही, हे कोणी विचारीत नसे. परीक्षा सक्तीची व्हायला १९३५ साल उजाडावे लागले. तीस वर्षे त्या देशाने नुसता कागद विकला आणि मग माणसे मरताना पाहून त्याला शहाणपण आले. आपल्याकडे १९१४ चा कायदा झाला, मग १९३९ चा झाला, आणि आज ज्याच्या आधाराने आपण चालतो तो १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. कायद्यात परीक्षा आहे, नियमही चांगले आहेत. परंतु मनाने आपण अजून त्या पाच शिलिंगांच्या काळातच वावरत आहोत की काय, अशी शंका येते.

नियम काय सांगतो ते पाहा. आधी शिकाऊ परवाना. त्यासाठी वाहतुकीच्या खुणा आणि नियम यांची परीक्षा. हा परवाना सहा महिने चालतो. तो हाती आल्यावर निदान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याच्या चाचणीला उभे राहता येत नाही. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर लावायचे, आणि सोबत परवाना असलेला जाणकार माणूस हवा. दुचाकीवर तर अशा शिकविणाऱ्याखेरीज मागे दुसऱ्या कोणाला बसविता येत नाही. हे तीस दिवस कशासाठी ठेवले आहेत? शिकण्यासाठी. आणि आपण ते कसे घालवितो? वाट पाहण्यात! जणू काही कर्जमाफीची यादी लागायची आहे. तांबडे ‘एल’ लावून दुचाकी शिकणारा विद्यार्थी मी आमच्या रस्त्यावर आजवर पाहिलेला नाही. शिकणे हे जणू लाजेचे काम आहे आणि येत नसताना येते असे दाखविणे हे मर्दपणाचे!

वडीलधारी मंडळी म्हणतात, “पोट्टं आठवीपासून गाडी चालवते, त्याले आता काय शिकवता?” गाडी चालते हे खरे. बैलही चालतो. परंतु समोरून कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली येत आहे, तिच्या मागे दिवा नाही, बाजूच्या शेतातून रोही केव्हा उडी घेईल याचा नेम नाही, अशा वेळी वेग किती ठेवावा, हे आठवीतल्या पोराच्या ध्यानी येत नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा होता, सर्वांत मोठे कारण बेसुमार वेग हे होते, आणि सुमारे दोन-तृतीयांश मृत्यू ग्रामीण भागातील रस्त्यांवर झाले. हे आकडे मुंबई-पुण्याचे आहेत असे समजून आपण पान उलटू नये.

आता यवतमाळ जिल्ह्याचे म्हणणे. सोळा तालुक्यांचा हा जिल्हा. शकुंतला नावाने ओळखली जाणारी यवतमाळ-मूर्तिजापूर ही छोटी गाडी बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा खुला व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. वणीसारखे अपवाद सोडले तर आमच्या मुलामुलींचे शिक्षण रेल्वेवर कधी चाललेच नाही. ते चालले एस. टी. वर. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस. टी. चा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. मी तेव्हा अकरावीत होते. घाटंजी तालुक्यातील आमच्या खेड्यातून सकाळची एक गाडी सुटे, तीही बंद झाली. वर्गातली मुले दुचाकीवर येऊ लागली. एकेका गाडीवर तीन-तीन. मुली घरी बसल्या. ज्यांचे भाऊ रिकामे होते त्या आल्या, ज्यांचे भाऊ कामावर होते त्या आल्या नाहीत. शिक्षण हे भावाच्या फुरसतीवर अवलंबून असते, हा धडा आम्ही त्या हिवाळ्यात शिकलो.

येथे कायद्यातील एका अडचणीचा विचार केला पाहिजे. परवान्याचे वय १८. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने परवाना मिळतो, पण तो बिनगिअरच्या, ५० सी. सी. पर्यंतच्या दुचाकीसाठी. गावोगाव ज्या स्कूटी दिसतात त्या याहून मोठ्या इंजिनाच्या. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॅटपर्यंतच्या विजेच्या दुचाकीला परवाना लागत नाही हे खरे, परंतु खेड्यातून पंधरा-वीस किलोमीटरचा खडतर रस्ता रोज तिच्या भरवशावर कोण काढणार? म्हणजे अकरावी-बारावीची दोन वर्षे ही अशी आहेत की ज्यांत घरापासून दूर शिकायला जावे लागते आणि कायद्याने गाडी चालविता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा कडक केल्या. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. शिक्षा योग्यच आहे. पण बापाला दंड करण्याआधी शासनाने कॉलेजच्या वेळेवर एस. टी. सोडली होती काय, हेही विचारले पाहिजे. मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. परंतु पास घेऊन फाट्यावर उभे राहिले तरी गाडी आली पाहिजे ना!

परवान्याला कागद समजण्याचा परिणाम काय होतो, याचे एक उदाहरण आमच्याच परिसरातले आहे. एकोणीस वर्षांचा मुलगा बियाण्याची पिशवी आणायला बापाच्या नावावरची गाडी घेऊन गेला. वळणावर एका म्हाताऱ्या बाईला धडक बसली. बाई वाचली, पाय गेला. गाडीचा विमा होता. मुलाजवळ परवाना नव्हता. “काढू एखाद्या दिवशी, त्यात काय ठेवलं हाय?” असे घरात दोन वर्षे चालले होते. अशा दाव्यात विमा कंपनीने जखमी माणसाला आधी रक्कम द्यावी आणि मग ती गाडीच्या मालकाकडून वसूल करावी असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यातील निकालाने ही वाट स्पष्ट केलेली आहे. तसेच झाले. बापाची कोरडवाहू पाच एकर जमीन होती, त्यातली दोन एकर गेली. एका वर्गाच्या गाडीसाठी शिकाऊ आणि पक्क्या परवान्याचे सरकारी शुल्क हजार रुपयांच्या आत बसते. त्या हजार रुपयांनी म्हाताऱ्या बाईचा पाय वाचला असता, असे मी म्हणत नाही. ते तीस दिवस खरोखर शिकण्यात गेले असते तर कदाचित वाचला असता.

आता आमच्या मुलींविषयी. घरात गाडी आली की ती मुलाची. मुलीने चालविली तर “पडशील” म्हणतात. मुलगा पडला तर “शिकतोय” म्हणतात. वस्तुतः गावात पाहावे तर आशाताई लसीकरणासाठी वाड्या-पोडांवर जातात, बचत गटाच्या बाया बँकेत जातात, अंगणवाडीच्या ताई बैठकीला जातात. त्यांतल्या अनेकींना आजही कोणाच्या तरी मागे बसूनच जावे लागते. १७ मार्च २०२३ पासून बायांना एस. टी. चे तिकीट अर्धे झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु एस. टी. तिच्या वेळेला येते, बाळंतीण आपल्या वेळेला अडते. माझा परवाना मी अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मिळविला तेव्हा आमच्या आजीने विचारले, “हे घेऊन आता तू कुठं जाणार?” मी म्हटले, “आजी, कुठं जायचं ते मग ठरवू. कोणाला विचारावं लागणार नाही एवढं ठरलं.” आजी हसली. दुसऱ्याच आठवड्यात तिने मला दवाखान्यात न्यायला लावले आणि येताना माहेरच्या गावावरून गाडी घ्यायला सांगितली.

माझ्या मतावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. उमरखेड किंवा वणी येथून जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. मजुरी करणाऱ्या माणसाने कार्यालयात येण्यासाठी रोज बुडवायचा, आणि चाचणीत नापास झाला तर पुन्हा बुडवायचा. अशा माणसाने दलाल गाठला तर त्याला दोष कसा द्यावा? मी त्याला दोष देत नाही. दलाल हा गरजेतून उभा राहतो. तो माणसाचा दिवस वाचवितो आणि त्याचे मोल घेतो. उपाय असा की माणसाचा दिवसच वाया जाऊ नये. २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा आधारच्या साहाय्याने घरबसल्या देता येते. ही सोय दूरच्या खेड्याला वरदान आहे. पण भावाची परीक्षा बहिणीने द्यायची अशी थट्टाही तिच्यातूनच निघते. परीक्षा घरी आली म्हणून अभ्यास घरातून जाऊ नये. पक्क्या परवान्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी जे कॅम्प लागतात, ते वाढविणे आणि त्यांच्या तारखा कॉलेजच्या फलकावर लागणे, हा खरा उपाय आहे.

आणि चाचणी? सपाट मैदानावर इंग्रजी आठ काढला, पाय टेकला नाही, झाले! तोल साधणे आवश्यक आहेच. परंतु आमच्या रस्त्यावर आठ कोणी काढीत नाही. तेथे वणीकडचा कोळशाचा ट्रक ओलांडायचा की नाही हे ठरवावे लागते, राष्ट्रीय महामार्गाला गावरस्ता जेथे मिळतो तेथे थांबावे लागते, रात्री समोरच्या दिव्याने डोळे दिपले तर वेग कमी करावा लागतो. चाचणी या गोष्टींची झाली पाहिजे.

आमच्यापैकी बरेच जण पदवीनंतर पुणे, नागपूर, हैदराबाद गाठतात. त्यांच्यासाठी एक आनंदाची गोष्ट अशी की एम. एच. २९ चा परवाना साऱ्या भारतात चालतो. गाव बदलले म्हणून नवी परीक्षा नाही, फक्त पत्ता बदलून घ्यायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील कोणत्याही परवाना कार्यालयात अर्ज करता येतो, म्हणून शिकायला पुण्यात असलेल्या मुलाला केवळ यासाठी गावी यावे लागत नाही. परंतु जे परदेशी जातात त्यांना निराळा अनुभव येतो. ब्रिटनमध्ये आपला परवाना बारा महिने चालतो. पुढे तेथली परीक्षा द्यावीच लागते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा, आणि बहुतेक ठिकाणी वीस वर्षे गाडी चालविलेला आपला माणूसही पुन्हा विद्यार्थी होतो. त्या वेळी कळते की आपण काय शिकलो होतो आणि काय नुसते काढले होते.

म्हणून माझी प्राचार्यांना आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना नम्र सूचना आहे. दरवर्षी प्रथम वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षे पूर्ण झाली असतील त्यांची यादी करावी, मुलींची नावे आधी घ्यावीत. शिकाऊ परवान्याचे अर्ज कॉलेजच्या संगणक कक्षातून, ज्याचे त्याने स्वतः भरावेत. पुढचे तीस दिवस सायंकाळी एक तास मैदानावर आणि नंतर रस्त्यावर सराव व्हावा. शिकविण्यासाठी ज्यांनी आयुष्यभर गाडी सांभाळून चालविली अशा निवृत्त एस. टी. चालकांना सन्मानाने बोलवावे. त्यांच्याइतके या जिल्ह्याचे रस्ते कोणाला ठाऊक आहेत? परिवहन कार्यालयाला पत्र लिहून चाचणीचा एक कॅम्प आपल्याच मैदानावर मागावा. यासाठी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. लागतात त्या काही तांबड्या ‘एल’च्या पाट्या. पहिली पाटी रंगवून आणण्याची जबाबदारी मी घेते.