वर्णाच्या तराजूत तोललेले नागरिकत्व

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी १९२३ रोजी दिलेल्या एका निकालाला शंभर वर्षे उलटून गेली. न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या आणि इकडे घरोघरी कौतुकाचा विषय झालेल्या आपल्या तरुण पिढीला तो निकाल बहुधा ठाऊकही नसेल. परंतु त्या देशात भारतीयांना आज जे स्थान आहे, त्याची किंमत कोणी आणि कशी चुकती केली, हे समजून घ्यायचे असेल तर त्या निकालापाशी जावेच लागते.

खटला होता भगतसिंग थिंद यांचा. पंजाबातून १९१३ साली अमेरिकेत गेलेला हा शीख तरुण पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाला आणि सन्मानाने सेवामुक्त झाला. १९१८च्या डिसेंबरात त्यांना नागरिकत्व मिळाले, ते चारच दिवसांत काढून घेण्यात आले. गदर चळवळीतील लोकांशी त्यांचे असलेले संबंध सरकारी अधिकाऱ्यांना खुपत होते. तरीही ओरेगॉनमधील फेडरल न्यायाधीशांनी १९२० साली त्यांना पुन्हा नागरिकत्व बहाल केले. सरकारने त्याविरुद्ध दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले.

प्रश्न १७९० सालच्या एका कायद्याचा होता. ‘मुक्त श्वेतवर्णीय व्यक्ती’लाच नागरिकत्व मिळेल, असे तो कायदा सांगत होता. यादवी युद्धानंतर, १८७० साली, आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात स्थान मिळाले. आशियाई मात्र दाराबाहेरच राहिले. थिंद यांच्या निकालाच्या तीनच महिने आधी, १९२२च्या नोव्हेंबरात, ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज याच न्यायालयाने फेटाळला होता. ‘श्वेतवर्णीय’ म्हणजे केवळ गोरी कातडी नव्हे, तर ‘कॉकेशियन’ वंश, असे तेव्हा सांगण्यात आले. तत्कालीन मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांची गणना कॉकेशियन वंशातच करीत. थिंद यांनी न्यायालयाचीच कसोटी न्यायालयापुढे ठेवली. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी एकमताच्या निकालात ती कसोटी सरळ बाजूस सारली. शास्त्रज्ञ काय म्हणतात ते महत्त्वाचे नाही, सामान्य माणूस कोणाला गोरा समजतो ते महत्त्वाचे, असा नवा दंडक त्यांनी घालून दिला. ओझावा यांच्या वेळी शास्त्र प्रमाण आणि थिंद यांच्या वेळी लोकसमज प्रमाण! दोन्ही निकाल लिहिणारी लेखणी एकच होती. स्वतः इंग्लंडात जन्मलेल्या न्यायमूर्तींनी एका सैनिकाला परका ठरवावे, यातील विसंगती वेगळी सांगायला नको.

एक बाब येथे नोंदवण्याजोगी आहे. निकालपत्रात थिंद यांचा उल्लेख ‘हिंदू’ असा आहे. त्या काळी अमेरिकन लोक हिंदुस्थानातून आलेल्या प्रत्येकाला, मग तो शीख असो वा मुसलमान, ‘हिंदू’च म्हणत. परक्यांच्या तिरस्काराने आपल्यातील भेद क्षणात पुसून टाकले होते. दुर्दैव असे की, आपल्या बाजूने मात्र त्याच भेदांचा आधार घेण्यात आला. थिंद हे उच्चवर्णीय आर्य आहेत, त्यांच्या जातीने रक्ताची शुद्धता राखली आहे आणि गोरा अमेरिकन काळ्या माणसाकडे ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू येथील आदिवासींकडे पाहतो, अशा आशयाचा युक्तिवाद त्यांच्या वतीने मांडण्यात आला. कायद्याचा साचाच वर्णभेदाचा असल्याने वकिलांपुढे मार्ग थोडे होते, हे खरे. तरीही आपल्याच बांधवांना खाली ढकलून स्वतःसाठी दरवाजा उघडण्याचा तो प्रयत्न होता आणि दरवाजा उघडला नाही. अन्यायाच्या शिडीवर आपल्याला एक पायरी वरची मिळावी, अशी मागणी करणाऱ्याला ती शिडीच मोडण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. समरसतेचा विचार मांडणाऱ्या प्रत्येकाने हे पान वाचायला हवे, ते याचसाठी.

निकालाचे परिणाम भीषण झाले. ज्यांना पूर्वी नागरिकत्व मिळाले होते, अशा अनेक भारतीयांवर ते रद्द करण्यासाठी सरकारने खटले भरले. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना शेतजमीन बाळगता येत नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी वैष्णो दास बगई यांनी इंग्रजांच्या राज्यात राहायचे नाही म्हणून पत्नी आणि तीन मुलांसह स्वदेश सोडला होता. नागरिकत्व गेल्यावर भारतभेटीसाठी ब्रिटिश पारपत्र घेण्याचा सल्ला त्यांना मिळाला. १९२८ साली त्यांनी आपली जीवनयात्रा संपवली.

या अंधारात एक मराठमोळे नाव उजळून दिसते, सखाराम गणेश पंडित. थिंद यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडणारे हेच वकील. १९१४ साली नागरिक झालेल्या पंडितांनी त्या बळावर कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळवली होती. आता सरकार त्यांच्याच नागरिकत्वावर उठले. पत्नी अमेरिकन, पण तेव्हाच्या कायद्याने, पतीचे नागरिकत्व गेले की तिचेही जाणार! या वेळी पंडितांनी वंशाचा वाद घातलाच नाही. १९१४ साली हाच प्रश्न न्यायालयापुढे आला होता, सरकारने विरोध केला होता, निकाल विरुद्ध गेल्यावर अपील केले नव्हते. मग एकदा निकालात निघालेला प्रश्न तेच सरकार पुन्हा कसा उकरून काढते, एवढाच त्यांचा सवाल होता. जिल्हा न्यायालयाने तो मान्य केला. १९२६ साली फेडरल अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकण्यास नकार दिला. त्यानंतर उरलेले खटले सरकारला गुंडाळावे लागले. पूर्वजांच्या रक्ताची ग्वाही हरली आणि राज्याने आपल्या शब्दाला जागावे, हा साधा न्याय जिंकला.

कायदा बदलायला मात्र आणखी दोन दशके जावी लागली. थिंद यांना नागरिकत्व मिळाले ते महायुद्धातील सैनिकांसाठी झालेल्या १९३५च्या कायद्याने. १९४६ साली भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला अवघ्या १०० जणांना प्रवेश मिळाला. १९५२ साली वंशाची अट संपली. १९६५च्या कायद्याने राष्ट्रवार कोट्याची जुनी चौकट मोडली आणि आपल्या डॉक्टर-अभियंत्यांना वाट मोकळी झाली. हा १९६५चा कायदा आकाशातून पडला नाही. १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ‘ब्राऊन’ खटल्याचा निकाल, थरगुड मार्शल यांच्यासारख्या वकिलांची चिकाटी, १९६४चा नागरी हक्क कायदा, अशी ती मालिका आहे. ज्या कृष्णवर्णीयांपासून वेगळे ठरण्याचा प्रयत्न १९२३ साली झाला, त्यांच्याच संघर्षाने तयार केलेल्या वाटेवरून आपली मुले पुढे गेली. हे ऋण मान्य करण्यात कमीपणा नाही.

थिंद ज्या वर्षी अमेरिकेत पोहोचले, त्याच १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली आकारास आलेल्या आपल्या संविधानाने धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून भेद करण्यास राज्याला मनाई केली. अमेरिकेला जो धडा शिकायला पावणेदोनशे वर्षे लागली, तो आपण प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी लिहून ठेवला. लिहिणे सोपे, वागणे कठीण, एवढेच.

हक्क एकदा मिळाला की कायमचा, असे इतिहास कुठेच सांगत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नागरिकत्वावर मर्यादा घालणारा अध्यक्षीय आदेश २०२५च्या जानेवारीत निघाला, तेव्हा तात्पुरत्या व्हिसावरील भारतीय कुटुंबेही हवालदिल झाली आणि आदेश रोखण्यासाठी धाव घ्यावी लागली ती फेडरल न्यायालयांकडेच. तेथील भारतीयांनी संघटित असावे, कागदपत्रे आणि कायदा यांबाबत दक्ष असावे, हे ओघाने आलेच. पण न्याय मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. परदेशात समतेचा आग्रह धरणाऱ्या समाजाने आपल्या गावात, आपल्या वस्तीत तीच समता पाळली, तरच त्याच्या शब्दाला वजन येईल.