दार लावून घेणारी संघटना

स्थलांतरित आले की मजुरी घसरते आणि कामगारांची एकजूट मोडते, असा एक समज जगभर रूढ आहे. न्यूयॉर्कच्या रंगभूमीचा इतिहास हा समज खोटा ठरवतो. पण त्याचबरोबर संघटनेच्या भाबड्या स्तुतिपाठकांनाही तो निरुत्तर करतो.

१८८१ नंतर रशियात ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या आणि पूर्व युरोपातील लक्षावधी ज्यूंनी अमेरिकेची वाट धरली. लोअर ईस्ट साइडमधील शिवणकामाच्या कोंदट कारखान्यांत राबणारा हा समाज आपल्या यिद्दिश भाषेतील नाटकांना गर्दी करी. या रंगभूमीवरील नटांनी १८९९ साली ‘हिब्रू ॲक्टर्स युनियन’ स्थापन केली. इंग्रजी रंगभूमीवरील नटांची ‘ॲक्टर्स इक्विटी’ जन्मली ती १९१३ साली, आणि नाट्यनिर्मात्यांनी तिच्यापुढे मान तुकवली ती १९१९ च्या संपानंतर! परक्या भूमीवर नुकत्याच आलेल्यांनी जे साधले, ते तेथील प्रस्थापितांना साधण्यास आणखी चौदा वर्षे जावी लागली.

पुढे मात्र याच संघटनेने आपले दार आतून लावून घेतले. नव्या नटाने जुन्या सभासदांसमोर अभिनय करून दाखवायचा आणि त्याला प्रवेश द्यावा की नाही, हे त्यांनी मतदानाने ठरवायचे, असा दंडक होता. ज्यांच्या भाकरीत नवा वाटेकरी येणार, तेच परीक्षक! पुढे ‘यिद्दिश आर्ट थिएटर’ उभारणारे मॉरिस श्वार्ट्झ यांनाही आरंभी याच परीक्षेत नकार पचवावा लागला.

यिद्दिश रंगभूमीच्या ऱ्हासाचे सारे खापर संघटनेच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. १९२४ च्या कायद्याने स्थलांतराचा ओघ आटवला, पुढची पिढी इंग्रजीकडे वळली आणि नाझी नरसंहाराने या भाषेचे माहेरच उद्ध्वस्त केले. परंतु संकटकाळात ज्या तरुण रक्ताची सर्वाधिक गरज होती, त्यालाच उंबरठ्यावर थोपवण्याचा अपराध कसा झाकणार? २००५ साली ही संघटना विसर्जित झाली, तेव्हा जिच्यासाठी ती उभी राहिली होती ती रंगभूमी जवळजवळ ओस पडली होती.

वेतन राखणे हे संघटनेचे कर्तव्यच आहे. पण वारस घडवणे हेही तितकेच मोठे कर्तव्य होय. आजची भाकरी राखताना जी संघटना उद्याचा वारस नाकारते, ती अखेरीस दोन्ही गमावते.