चाकराची निष्ठा आणि धन्याचें इमान

जपानांतील सामुराई योद्धा आमच्या विद्यार्थ्यांस चित्रपटांतून व चित्रकथांतून चांगला परिचित झाला आहे. कमरेस दोन तलवारी, धन्यासाठीं प्राण देण्याची तयारी आणि अपकीर्तीपेक्षां मरण बरें मानण्याची वृत्ति, एवढ्या गोष्टी कोणाही मुलास तोंडपाठ असतात. त्याचें कौतुक करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. इनाझो नितोबे ह्या जपानी ख्रिस्ती विद्वानानें १९०० च्या सुमारास 'बुशिदो' नांवाचा ग्रंथ इंग्रजींत लिहून ह्या क्षात्रधर्माची महती पाश्चात्यांस पटविली, व तेव्हांपासून हें कौतुक जगभर चाललेंच आहे. परंतु निष्ठेचा विचार करतांना आपण नेहमीं चाकराच्याच तोंडाकडे पाहतों. धन्यानें काय केलें हें कोणी पुसत नाहीं. ही रीत आम्हांस एकांगी वाटते.

सामुराई सदा रणांत असे, ही समजूतही फारशी खरी नाहीं. १५८८ सालीं हिदेयोशीनें शेतकऱ्यांचीं शस्त्रें गोळा करविलीं आणि शेतकरी व शिपाई ह्यांच्या वाटा वेगळ्या केल्या. पुढें १६०३ पासून तोकुगावा घराण्याच्या अमलांत अडीचशें वर्षें देशांत बहुतेक शांतता होती. त्या काळीं बहुतेक सामुराई धन्याच्या किल्ल्याभोंवतालच्या शहरांत राहून पहारे, हिशेब आणि कारकुनी करीत. त्यांचें वेतन तांदुळाच्या 'कोकु' ह्या मापानें ठरे. एक कोकु म्हणजे सुमारें १८० लिटर, एका माणसाच्या वर्षाच्या पोटापुरतें धान्य. धनी बुडाला कीं चाकर 'रोनिन' होई, म्हणजे बिनधन्याचा भटक्या. १७०१ सालीं आकोच्या असानो ह्या सरदारानें एदोच्या किल्ल्यांत रागाच्या भरांत शस्त्र उपसलें. त्यास स्वहस्तें पोट चिरून मरण्याची आज्ञा झाली आणि जहागीर जप्त झाली. त्याच्या ४७ चाकरांनीं १७०३ च्या आरंभीं सूड घेतला व त्यांपैकीं ४६ जणांस तेंच मरण आलें. ही कथा जगप्रसिद्ध आहे. धन्याच्या एका क्षणाच्या संतापाचें मोल शेंकडो घरांनीं दिलें, हें मात्र ती सांगतांना कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. सामुरायाचा आपल्याकडील जवळचा सोयरा म्हणजे मराठी सैन्यांतील स्वार. ह्यांत दोन जाती होत्या. सरकारी पागेंतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःचें घोडें व स्वतःचें हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. शिलेदाराचें सारें भांडवल चार पायांवर उभें असे. घोडें पडलें कीं तो घरीं बसला. म्हणून तो लढाईंत घोड्यास जपे, आणि ह्याबद्दल त्यास भित्रा ठरविणारे लेखकही कांहीं कमी झाले नाहींत! त्यांना स्वतःचें घोडें खर्चीं घालावें लागलें नव्हतें, एवढेंच आम्ही म्हणतों.

शिलेदार धनी बदलीत असे. ह्याचा ठळक दाखला आपल्याच यवतमाळ जिल्ह्यांत आहे. भाम येथें कान्होजी भोसले ह्यांचें ठाणें होतें. नात्यानें त्यांचे पुतणे रघूजी त्यांच्याजवळ राहत. बेबनाव होतांच ते शंभरेक स्वारांनिशीं निघाले, देवगडच्या गोंड राजाकडे व पुढें एलिचपुरास राहिले आणि शेवटीं साताऱ्यास शाहू महाराजांपाशीं गेले. १७३० नंतरच्या कांहीं वर्षांत महाराजांची कान्होजींवरील मर्जी खप्पा झाली, तेव्हां त्यांच्यावर रघूजींसच धाडण्यांत आलें. वणीजवळ मंदर येथें चुलते पुतण्याच्या हातीं लागले. जपानी कथाकारानें रघूजींस क्षमा केली नसती. आम्हांसही हा प्रसंग गोड वाटत नाहीं. पण ज्या पेशांत घोडें आपलें आणि भाकरही आपणच मिळवावयाची, तेथें जन्मभर एकच उंबरठा धरून राहा असें कोणत्या तोंडानें सांगावें?

धनी आपलें कर्तव्य ओळखणारा असला म्हणजे काय होतें, हें सभासदानें लिहून ठेविलें आहे. शिवाजी महाराजांच्या सैन्यांत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्यांमागें एक पखाली व एक नालबंद असे. वेतन रोख मिळे. गांव तोडून देण्याची चाल महाराजांस पसंत नव्हती. १६५९ सालीं अफजलखानाच्या प्रसंगानंतर पडलेल्यांच्या मुलांस चाकरींत घेतलें, ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निमें वेतन चालविलें, आणि जखमींस जखम पाहून पंचवीसपासून दोनशें होनांपर्यंत दिलें. आमच्या मतें निष्ठेचें मूळ येथें आहे. उपाशी स्वार प्रथम रयतेच्या कणगींत हात घालतो, हेंही महाराज जाणून होते; १६७३ सालीं चिपळूणकडील लष्करास त्यांनीं लिहिलेली ताकीद त्याच काळजीची आहे.

ह्याच्या उलट चित्र १८१८ चें. शुभवर्तमानांतील भाडोत्री मेंढपाळ लांडगा दिसतांच कळप टाकून पळतो, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. २० फेब्रुवारी रोजीं आष्टीस नेमकें उलटें घडलें: धनी दुसरे बाजीराव निघून गेले, आणि चाकर बापू गोखले लढतां लढतां पडले. त्यांच्यानंतर निष्ठेनें राहावें तरी कोणापाशीं? १७ एप्रिलास पांढरकवड्याच्या बाजूस शिवणीपाशीं कर्नल ॲडम्सनें पेशव्यांस गांठलें. तेथूनही ते निसटले, आणि उरलेलें सैन्य फुटलें. जूनच्या आरंभीं अशीरगडाजवळ धुळकोट येथें ते माल्कमसाहेबांच्या स्वाधीन झाले व त्यांस सालीना आठ लाख रुपयांचें पेन्शन ठरलें. त्याच सुमारास त्यांच्याबरोबर अखेरपर्यंत टिकलेल्या अरब शिपायांनीं तुंबलेल्या पगारासाठीं त्यांच्या मुक्कामास गराडा घातला. इतिहासकार ह्या प्रकारास बंड म्हणतात. तो शब्द उच्चारण्यास आमची जीभ वळत नाहीं.