इन्व्हर्टर मोठा नको, छोटा घ्या!

आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये मिळून एक गाडी आहे. जुनी, सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर. आधीच्या मालकाने आतल्या सीट काढून दोन बेड, एक छोटा ओटा आणि बेडखाली बॅटरी-इन्व्हर्टर बसवून घेतला होता. रील्समध्ये ज्याला ‘व्हॅनलाइफ’ म्हणतात, ते आमच्या बजेटमध्ये एवढंच बसत होतं. पण गाडी आमची होती आणि आम्ही भलतेच खूश होतो.

गेल्या पावसाळ्याआधी गुहागरला गेलो असताना इन्व्हर्टरने मान टाकली. तो घरात वापरतात तसलाच साधा, स्क्वेअर वेव्हवाला होता. पंखा लावला की घूं घूं करायचा आणि लॅपटॉपचा चार्जर तापायचा. त्यामुळे तो गेल्याचं दुःख कोणालाच झालं नाही. उलट ग्रुपवर लगेच मेसेज पडला, “आता घ्यायचाच तर तगडा घेऊ. २००० वॅट! इंडक्शन चालेल, केटल चालेल, मिक्सर चालेल.” सगळ्यांनी अंगठे दिले. मीसुद्धा.

ऑनलाइन मागवला, रविवारी दुपारी आम्हीच बसवला. जुन्या वायरी काढल्या, त्याच नव्या इन्व्हर्टरला जोडल्या, दिवा लागला, सेल्फी काढला. काम फत्ते.

पुढच्या ट्रिपला भंडारदऱ्याला इंजिन चालू ठेवून इंडक्शनवर मॅगी टाकली. फक्त १२००वर ठेवलं होतं. दहा मिनिटांनी कसलातरी वास यायला लागला. आधी वाटलं मॅगी लागली. मग लक्षात आलं, वास बेडखालून येतोय. गादी उचलली तर बॅटरीची वायर हात लावता येणार नाही इतकी तापलेली, वरचं प्लास्टिक मऊ झालेलं आणि त्याला चिकटून प्लायवूड. इंडक्शन बंद केलं. बॅटरी तोडायला गेलो तर मधे ना फ्यूज, ना स्विच. पाना शोधून टर्मिनल सोडवेपर्यंत चौघांचीही बोबडी वळली होती. तासाभरापूर्वी आमच्यातला एक जण त्याच गादीवर झोपला होता.

परत आल्यावर आमच्या भागातल्या बॅटरीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “इंजिनीअर कोण आहे तुमच्यात?” तिघांनी हात वर केले. काका म्हणाले, “मग भागाकार कोणीच केला नाही?”

भागाकार अगदी साधा आहे. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. घरात २३० व्होल्टवर १२०० वॅटचं इंडक्शन पाचेक अँपिअर घेतं. पण गाडीतली बॅटरी १२ व्होल्टची. १२०० भागिले १२ म्हणजे १००, त्यात इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली की ११०-११५ अँपिअर. पूर्ण २००० वॅटचा लोड टाकला तर १८०च्या पुढे. आमची जुनी वायर होती १० स्क्वेअर एमएमची, म्हणजे यातला निम्मा करंट कसाबसा सोसणारी. दहावीच्या विज्ञानात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा आख्खा धडा होता. मार्क मिळाले, धडा राहून गेला.

म्हणून आज माझं मत ठाम आहे. जुन्या गाडीतला इन्व्हर्टर बदलायची वेळ आली, तर आधीपेक्षा मोठा घेऊ नका. जमलं तर छोटाच घ्या.

कारण इन्व्हर्टर वीज तयार करत नाही, तो फक्त बॅटरीतली वीज २३० व्होल्टची करून देतो. आमची ट्युब्युलर बॅटरी १५० एएचची. गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. एवढ्या विजेवर २००० वॅटचं इंडक्शन अर्धा तासही चालत नाही. वर मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, तरी २०-३० वॅट स्वतःच खातो. २५ धरले तर दिवसाला ६०० वॅट-तास, तेही काहीच न लावता! टाकी छोटी ठेवून नळ मोठा बसवला, तर पाणी वाढत नाही.

आता आमची खरी गरज बघा. १२ व्होल्टचा २० वॅटचा पंखा रात्रभर आठ तास : १६०. पाच वॅटचे चार एलईडी चार तास : ८०. चार मोबाइल : साधारण ६०. दोन लॅपटॉप, ६५ वॅटचे चार्जर, दोन तास : २६०. बेरीज ५६०. म्हणजे ९००मध्ये आरामात बसतं. यातला पंखा, दिवे आणि मोबाइल थेट १२ व्होल्टवर चालतात, त्यांना इन्व्हर्टर लागतच नाही. उरले लॅपटॉप. त्यासाठी आम्ही ६०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह घेतला, तोही गरजेपेक्षा जास्तच आहे. काम झालं की बंद करतो. मॅगी गाडीबाहेर, गॅसच्या छोट्या शेगडीवर. चवीत काही फरक नाही.

वाचलेले पैसे काकांनी जिथे घालायला लावले, ते महत्त्वाचं. एक, बॅटरी ते इन्व्हर्टर जेमतेम मीटरभर अंतर आणि २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. दोन, बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात ८० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज इन्व्हर्टरसाठी नसतो, वायरसाठी असतो, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं. तीन, हाताने फिरवून बॅटरी तोडता येईल असा स्विच. चार, लग नीट दाबून बसवलेले आणि दर ट्रिपआधी नट तपासायचे, कारण गाडी हलते आणि नट सैल होतात. सैल जोडही वायरीइतकाच तापतो. पाच, इन्व्हर्टरला हवा लागेल अशी जागा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे तिलाही बंद पेटी नको. सहा, बाहेरून लाइट घ्यायची सोय असेल तर चेंजओव्हर स्विच हवाच. बाहेरची लाइट आणि इन्व्हर्टर एकाच वेळी एका वायरिंगवर आले की इन्व्हर्टर गेलाच समजा. हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

कोणी म्हणेल, “लिथियम टाका की!” टाका, बॅटरी चांगली आहे. पण जुन्या इन्व्हर्टरमधला चार्जर लेड-ॲसिडसाठी सेट केलेला असतो, तो लिथियमला चालेलच असं नाही. अल्टरनेटरवरही जास्त ताण येतो, त्यामुळे मधे डीसी-डीसी चार्जर लागतो. म्हणजे परत हिशेब आलाच.

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१मध्ये आलं. गाडीतून फिरायची क्रेझ आपल्या वयाच्या मुलांमध्ये दिसतेच आहे. छान आहे, फिरायलाच हवं. पण आपण गाडीचा रंग, पडदे, फेअरी लाइट यावर जेवढा वेळ घालवतो, त्याच्या एक दशांश वेळ बेडखाली काय आहे हे बघण्यात घालवत नाही. ‘स्वतः केलं’ म्हणून मिरवायला आवडतं, ‘विचारून केलं’ म्हणायला लाज वाटते. काकांकडे आधी गेलो असतो तर फार तर एक चहाचा वेळ गेला असता.

तो २००० वॅटवाला इन्व्हर्टर आम्ही विकायला काढला होता. एका मुलाचा मेसेज आला, “दादा, जुनी गाडी आहे, जुन्या वायरींवर चालेल ना?” मी त्याला फोन केला आणि आधी गाडीतल्या वायरीची जाडी विचारली. त्याला माहीत नव्हती. इन्व्हर्टर अजून आमच्याकडेच आहे. तो मुलगा मात्र शनिवारी माझ्यासोबत काकांकडे येतोय.