लालबागचा कारखाना आपल्या तालुक्यात का येत नाही?

लालबाग-परळच्या गिरण्यांचा भोंगा वाजला की कोकण, सातारा, कोल्हापूरच्या गावांत मनीऑर्डर पोचायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. कितीतरी कामगार गावाकडं परतले, पण गिरणी काही त्यांच्या मागं आली नाही.

उद्योग मुंबईबाहेर जावेत, हे सरकारी धोरण त्याच्या कितीतरी आधीचं आहे. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना आली, १९६६ मध्ये सिकॉम. या योजनेत तालुक्यांचे गट पडतात. मुंबईसारखा विकसित भाग 'अ' मध्ये, मागास तालुके 'ड' आणि 'ड+' मध्ये. तालुका जेवढा मागे, तेवढी सवलत जास्त. राज्याच्या जीएसटीचा परतावा, वीज शुल्कात माफी, मुद्रांक शुल्कात सूट असं तिचं स्वरूप.

मग गिरणीमालक का आले नाहीत? हिशेब सोपा आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ नं गिरण्यांच्या जमिनीचा विकास खुला केला. त्यात पालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे होते. २००१ च्या बदलानं ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि मालकाचा वाटा फुगला. सुप्रीम कोर्टानं २००६ मध्ये हा बदल कायम ठेवला. लोअर परळच्या जमिनीच्या भावापुढं 'ड' गटातली सवलत म्हणजे चिल्लर.

आता पाळी छोट्यांची आहे. छापखाना, शिवणकाम, मसाला, चिवडा असे भाड्याच्या गाळ्यात चालणारे धंदे टॉवरच्या सावलीत कसेबसे तग धरून आहेत. यांच्याकडं विकायला जमीन नाही. सवलत मात्र परताव्याची, म्हणजे आधी पैसा घाला, माल काढा, कर भरा, मग फाइल करा. मशीन हलवायचा खर्च आणि सुरुवातीच्या महिन्यांचे पगार कुठून आणायचे? मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात सर्वसाधारण गटाला ग्रामीण भागात २५ टक्के आणि शहरात १५ टक्के अनुदान आहे, पण ते नव्या उद्योगाला. चालू धंदा गावाकडं आणणारा त्यात बसत नाही. नेमका तोच माणूस दोन योजनांच्या मधल्या फटीत अडकतो.

पेण तालुका याबाबत बरंच शिकवतो. तिथल्या गणेशमूर्तींना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हा धंदा वाढला तो कारागिरांच्या पिढ्यांपिढ्यांच्या हातावर आणि जवळच्या मुंबईच्या गिऱ्हाइकावर. सवलतीचा गट पाहून तो तिथं आलेला नाही. हात आणि बाजार असेल, तर धंदा टिकतो.

म्हणून तालुक्यानं 'ड+' चा शिक्का मिळाला म्हणून खूश होऊन बसू नये. मागणी करायची तर तयार गाळ्यांची, भरवशाच्या विजेची, सुरुवातीलाच मिळणाऱ्या स्थलांतर खर्चाची करावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक होते. एमआयडीसीत किती भूखंड नुसते अडवून ठेवलेत आणि त्यातले छोट्यांना किती मिळणार, हा प्रश्न तिथं विचारायला हवा. गिरणी गेली तेव्हा गावाला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारायची वेळ गावाची आहे.