जुनी जीप उभ्या जागी थरथरते?



जुनी डिझेल जीप उभ्या जागी अडखळत असेल, तर लगेच इंजिन खोलायला देऊ नका. आधी इंजिन बंद करून फिल्टरमधले पाणी काढा. ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा.

तरीही थरथर राहिली, तर जाणत्या मिस्त्रीकडून चालू इंजिनवर नॉझलच्या नळ्यांचे नट एकेक करून किंचित सैल करवून पाहा. इंजिन आणखी बसले, तर तो सिलिंडर ठणठणीत. फरकच पडला नाही, तर दोष तिथे. पहिल्यांदा तेच नॉझल तपासून घ्या.

फवाऱ्यासमोर हात धरू नका. डिझेल कातडीत घुसते. जखम बारीक दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा. नव्या कॉमनरेल गाड्यांवर हा प्रयोग मुळीच नको.