चकाकी नंतर, जोते आधी

श्रीरामपुरात दवाखाना, क्लास किंवा मंगल कार्यालय बांधायला काढले की मालक पहिली फेरी टाइल्सच्या दुकानात मारतो. त्याने आधी जोत्याखालची माती बघावी, असे माझे मत आहे.

हा प्रवरेच्या डाव्या कालव्याचा, काळ्या मातीचा टापू. १९२६ साली भंडारदरा धरण पुरे झाले, ऊस वाढला आणि पाण्याबरोबर जमिनीत ओलही मुरत गेली. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्याबरोबर फरशीही उचलते, खचते. टाइल पोकळ वाजू लागते, सांधे उघडतात आणि खापर दुकानदारावर फुटते.

तळमजल्यावर म्हणून आधी काळी माती काढा. मुरूम थराथराने भरा, पाणी मारून धुमस करा. त्यावर सोलिंग, ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद आणि मग काँक्रीट. हा खर्च झाकला जातो, म्हणूनच काटछाट पहिली तिथे होते.

दवाखान्यांसाठी आता व्हिनाइलचा आग्रह धरला जातो, आणि त्यात तथ्य आहे. ते पायाला मऊ लागते, आवाज दाबते. त्याचे सांधे वितळवून जोडता येतात, भिंतीवर गोलाईने चढवले की कोपऱ्यात घाण साचत नाही. पण खालून ओल आली की चिकटवण सुटते, फुगे येतात. एक सोपी परीक्षा करा: कोब्यावर दीड फुटी चौरस प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून दिवसभर ठेवा. खाली दव धरले किंवा कोबा काळवंडला, तर व्हिनाइलचा विचार सोडा.

शाळा, मंगल कार्यालये यांना शहाबादी किंवा कोटा फरशी अजूनही भारी. झिजली तरी पुन्हा घासून पॉलिश होते. मात्र दोन्ही चुनखडीचे दगड. अ‍ॅसिडने धुतले की खाल्ले जातात. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही. ती घ्यायची तर खरखरीत घ्या, गुळगुळीत टाइलवर ओले पाय घसरतात. दोन-तीन मिलिमीटरचा सांधाही सोडा. टाइल टाइलला भिडवली की ताणाने उचलते.

ठेकेदाराशी करार करताना फरशीचा रंग ठरवण्याआधी भरावाचे थर आणि काँक्रीटची जाडी कागदावर लिहून घ्या. टाइल पुढे बदलता येईल, जोते बदलता येणार नाही.